भेटायला येऊ नका

परवा सकाळी वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी खोकली आणि शिकवता शिकवता माझा हात आपोआप पर्समधल्या मास्ककडे गेला. इथं तेलंगणात, आदिलाबादेत थंडी पडली की हे व्हायचंच. बाहेर कापसाच्या गाड्या बाजारापर्यंत रांग लावून उभ्या असतात, रस्त्याकडेच्या बाभळींना आणि विजेच्या तारांना कापसाचे पुंजके लटकलेले असतात, थिजलेलं खोबरेल उन्हात ठेवून चोपडलेल्या वेण्यांचा वास वर्गभर असतो, आणि मागच्या बाकांवरून आधी एक, मग दोन, मग सगळीकडून खोकल्याचे आवाज सुरू होतात. फळ्यावरचं बेडकाचं हृदय अर्धं राहतं. मी वळून म्हणते, "कोण खोकलं? कोपरात खोकायचं, तळहातात नाही." मुली गालात हसतात. दरवर्षीच्या मुली नव्या असतात, पण हे हसणं तेच असतं.

हिवाळा आला की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला तो एक हंगाम आठवतो, आमचं मुलींचं हॉस्टेल तापानं फणफणलं होतं तो. आणि त्याच्यासोबत आठवते सरिता. ती आठवली की पोटात दुखतं. वय वाढलं की असूया कमी होते म्हणतात. म्हणणाऱ्यांना सरिता भेटलेली नसावी.

मी इथल्या डिग्री कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या वर्षी मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डनही मीच होते आणि मैदानापलीकडच्या क्वार्टरमध्ये एकटी राहत होते. सरिता तेलुगू शिकवायची. मंचेरियलची, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. त्याच वर्षी बदलून आली होती आणि कॉलेजच्या फाटकासमोर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. महिना उलटला नसेल, पोरी तिला "अक्का" म्हणायला लागल्या. तेलुगूत अक्का म्हणजे मोठी बहीण, आणि मराठी पोरीसुद्धा तिला तेच म्हणायच्या. मी इतकी वर्षं इथं घासतेय, मला कुणी ताई म्हटलं नाही. मी "नगराळे मॅडम". आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा माझं नाव घेताना शर्टाचं वरचं बटण लावून घेतो.

आमच्याकडे आजारपण एकट्याचं नसतं, हे आधी सांगायला हवं. कुणाला ताप आला की वस्तीतल्या प्रत्येक घरातून कुणीतरी जाऊन यायचंच. हातात बिस्किटपुडा, दोन मोसंबी, आणि खाटेच्या कडेला बसून कपाळाला हात. माझे वडील तहसिलीत कारकून होते, ते याला जुन्या कचेरीच्या भाषेत मिजाजपुर्सी म्हणत. आईची भाषा सरळ होती. "लग्नात नाही आलं तर चालते, तापात आलं पाह्यजे," ती म्हणायची, आणि कोण आलं नाही हे पुढची वीस वर्षं विसरायची नाही. माझी धाकटी बहीण दर हिवाळ्यात अंथरूण धरायची. तिच्या उशाशी मोसंब्यांचा ढीग लागायचा, शेजारच्या बाया तिच्या केसांतून हात फिरवायच्या. मी मात्र ठणठणीत. पाणी आणायला, चहा ठेवायला, आलेल्यांच्या चपला नीट लावायला मी. एकदा मी मुद्दाम ओल्या केसांनी अंगणात बसून राहिले, तर नुसती भूक लागली.

तर त्या हंगामाची सुरुवात झाली कवितापासून. कविता बेज्जूरकडची, प्राणहितेच्या काठच्या गावातली. बापाला तिला डिग्रीला घालायचं नव्हतं. मी स्वतः बसनं जाऊन, त्यांच्या अंगणातल्या बाजेवर बसून त्याला राजी केलं होतं. पोरीला लहानपणापासून दम्याचा त्रास, पण डोकं तल्लख. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, माझ्या हातातून खडू पडला तर माझ्याआधी ती वाकायची. माझी पोरगी, असं मी मनात म्हणत असे. मला मूलबाळ नाही, हेही इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी अंदाज बांधत बसायला नको.

दिवाळीत घरी जाऊन, आठ-पंधरा दिवस कापूस वेचून मुली परत आल्या. कविता खोकत आली. मी विचारलं, तर म्हणाली, "काई नाही मॅडम, कापसाची धूळ हाये. येचून येचून नाकातोंडात गेली."

हे कारण आमच्याकडे कुणालाही पटतं. वेचणीच्या दिवसांत अर्धा जिल्हा खोकत असतो, डोळे लाल, घसे बसलेले, आणि गुळाचा खडा चघळला की धूळ खाली उतरते अशी सगळ्यांची खात्री. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझीही होती. मीही तिला गुळाचा खडा दिला. पण एकीच्या नाकातली धूळ दुसरीच्या नाकात जात नाही. तिच्या खोलीतल्या तिघींना हुडहुडी भरली, तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

तोवर भेटीगाठी सुरू झाल्या होत्या. मी हॉस्टेलवर पोचले तर त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. खिडक्या थंडीनं गच्च लावलेल्या, एकेका खाटेवर चार-चार पोरी, कुणी कपाळ चेपतेय, कुणी डोकं मांडीवर घेतलंय, एकाच स्टीलच्या ग्लासातून सगळ्या पाणी पितायत. कोपऱ्यात बिस्किटपुड्यांची रास. आईनं पाहिलं असतं तर तिला भरून आलं असतं. मला घाम फुटला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि फ्लू असल्याचं सांगितलं. कोरोना होऊन काही वर्षं झाली होती, तरी तो शब्द पोरींच्या तोंडावर आधी आला आणि दोघी-तिघी रडायला लागल्या. "कोरोना नाही," डॉक्टर म्हणाले, "पण सर्दीही समजू नका. जोराच्या गोळ्या मागू नका, त्यानं हा विषाणू मरत नाही. पाणी प्या, झोपा, आणि एकमेकींच्या अंगावर बसू नका. ज्यांना दमा आहे त्यांच्यावर नजर ठेवा." शेवटचं वाक्य ऐकताना मी कविताकडं पाहिलं.

मग मी कामाला लागले. कामात मला कुणी हरवू शकत नाही, हे माझे शत्रूही मान्य करतील. हॉस्टेलच्या टोकाची मोठी खोली रिकामी केली, खाटा लांब लांब लावल्या, खिडक्या उघडायला लावल्या. ज्याचा ग्लास त्यालाच. नळापाशी साबण, आणि तो संपला तर जबाबदार मी. ताप गोळीशिवाय उतरून पुरता एक दिवस गेल्याशिवाय कुणी वर्गात यायचं नाही. प्रिन्सिपल सरांशी भांडून त्या मुलींची हजेरी माफ करून घेतली, कारण हजेरीच्या भीतीनंच पोरी गोळी गिळून वर्गात येऊन बसत होत्या. आणि मेसमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आजारी मैत्रिणीच्या खोलीत कुणीही जायचं नाही.

"भेटाले बी नाही?" एकीनं विचारलं.

"भेटायला तर मुळीच नाही."

"पण मॅडम, तिले काय वाटन?"

"तिला काय वाटायचं ते वाटू दे. जिच्यावर तुमची माया आहे तिच्या दारात जाऊ नका. लांबून बरं चिंता, तीच भेट."

पोरींच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांच्या लेखी मी फारच कोरडी बाई आहे. नियम सांगणाऱ्याच्या वाट्याला माया येत नाही.

माया आली ती सरिताच्या वाट्याला. ती संध्याकाळी एका पातेल्यात चारू घेऊन यायची. चारू म्हणजे त्यांच्याकडचं पातळ, आंबट, मिऱ्यांचं सार. घोटभर प्यायलं की नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं आणि बंद नाक मोकळं होतं. ती उंबऱ्यापाशी मांडी घालून बसायची, मास्क हनुवटीवर ओढायची, आणि पोरींना एकेकीच्या नावानं हाक मारायची. मी म्हटलं, "सरिता मॅडम, मास्क वर घ्या."

"बच्चियाँ हैं मॅडम," ती हसून म्हणाली, "मुँह नहीं दिखा तो डर जाते."

पोरी हसल्या. तापानं ओठ सुकलेल्या पोरी, माझ्यापुढं मान वर न करणाऱ्या, तिच्या एका वाक्यावर हसल्या. मी थर्मामीटर झटकत उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोली मी लावली, डॉक्टर मी आणला, हजेरीसाठी भांडले मी, आणि ही बाई पातेलं घेऊन आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेय. ती गेल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं चारू मी चाखून पाहिलं. त्यात काहीतरी खोट सापडावी अशी फार इच्छा होती, पण चारू उत्तम होतं.

असूयेला लोक फार नावं ठेवतात. माझा अनुभव असा, की ती माणसाला कामाला लावते. तिच्या जोरावर मी त्या दिवसांत दुप्पट राबले. सरिता संध्याकाळी येते ना, मग मी सकाळीही जाणार आणि दुपारीही. तिला बारा पोरींची नावं ठाऊक, मग मी सगळ्यांच्या आयांची नावं पाठ करणार. मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. तापात एकीनं तरी माझं नाव घ्यावं, एवढंच. आणि सगळ्यांत जास्त, कवितानं.

एका दुपारी कविताचा श्वास मला बरा वाटला नाही. ताप उतरून दीड-दोन दिवस झाले होते आणि अचानक पुन्हा चढला होता. छाती भात्यासारखी हलत होती, ओठ निळसर. मी रिक्षा बोलावली, तिला शालीत गुंडाळली आणि दवाखान्यात नेली. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, रिक्षावाला तेलुगूत, उर्दूत आणि मराठीत आळीपाळीनं शिव्या घालत होता, आणि मी तिच्या कानाशी म्हणत होते, "पोहोचलोच बघ." तिनं डोळे किलकिले केले.

"अक्का आली का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी आहे."

तिनं डोळे मिटले. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, औषधं सुरू केली, आणि वेळेवर आणलंत म्हणाले. मी खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून राहिले. पोरगी वाचली याचा आनंद खरा होता. त्या आनंदाच्या शेजारी ते "अक्का आली का" बसलं होतं आणि उठायला तयार नव्हतं. दोन दिवसांनी तिला घेऊन परत आले तेव्हा फाटकाशी सरिता उभी होती. त्याच वेळी बेज्जूरहून कविताचा बापही पोचला होता. त्या माणसानं सरळ जाऊन सरिताला हात जोडले. "तुमच्यापायी लेकरू वाचलं बाई," तो म्हणाला. सरितानं घाईघाईनं माझ्याकडे बोट दाखवलं, पण तोवर त्याचे डोळे भरले होते आणि त्याला काही दिसत नव्हतं. मी रिक्षातून पिशव्या उतरवत राहिले.

मग सरिताला ताप आला. येणारच होता, हनुवटीला मास्क लावून विषाणू थांबत नाहीत. तिच्या दोन खोल्यांपुढं बऱ्या झालेल्या आणि न पडलेल्या सगळ्या पोरींची जत्रा भरली. मी जाऊन सगळ्यांना हाकललं. पुढच्या दारातून हाकललं तर त्या मागच्या बोळातून गेल्या. खिडकीच्या गजांतून हात घालून तिचं कपाळ चेपत होत्या. ओट्यावर मोसंब्यांचा ढीग होता. मी तिथं उभी राहून एकेका पोरीचा चेहरा पाहून ठेवला. वॉर्डन म्हणून पाहिला असं मी प्रिन्सिपल सरांना सांगितलं असतं. खरं म्हणजे मी मोजत होते.

त्या भेटीचा परिणाम व्हायचा तो झाला. उरलेल्या पोरीही पडल्या, टोकाची खोली पुन्हा भरली, दोन पेपर पुढं ढकलावे लागले. मी मेसमध्ये पुन्हा सगळ्यांना उभं केलं. त्या वेळी मी जे बोलले त्यात विषाणू थोडा आणि माझा जळफळाट फार होता. "सरिता मॅडमवर तुमचं प्रेम आहे ना," मी म्हटलं, "मग त्या प्रेमानं या नऊजणी झोपल्यात. जा, मोजून या." कुणी हसलं नाही. कविता खाली मान घालून उभी होती.

सगळ्यांच्या शेवटी माझा नंबर लागला. कधी आजारी न पडणारी ही लोखंडाची कांब वाकली. अंग असं दुखत होतं की पांघरुणाचंही ओझं वाटावं. मी माझेच नियम पाळले. खिडकी उघडी, ग्लास वेगळा, दार लोटलेलं. खिडकीतून मैदान दिसायचं, आणि मैदानातून वर्गाकडे जाणाऱ्या पोरी. शाली, वेण्या, छातीशी धरलेली पुस्तकं. माझ्या क्वार्टरपाशी आल्या की त्यांचं बोलणं थांबायचं, एकदा खिडकीकडे पाहायच्या आणि पाय उचलून पुढं जायच्या. सकाळी गेल्या, दुपारी आल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. पायरीवर कुणाची चप्पल वाजली नाही. संध्याकाळी दारात डबा ठेवल्याचा आवाज आला आणि बाहेरून सरिताचा बसलेला आवाज म्हणाला, "मॅडम, चारू रखी हूँ. गरम है, पी लेना." आणि ती गेली, मास्क लावून, नियमानं. मला तिचा आणखीच राग आला. पहिल्यांदा नीट वागली तीही माझ्याच वेळी.

चारू मात्र मी सगळं प्यायले.

तापात माणूस लहान होतो. मी उशीत तोंड घालून विचार करत होते, की सरिताच्या दारात जत्रा आणि माझ्या दारात कुत्रंही नाही. नियम माझाच होता, मीच घसा फोडून सांगितला होता, हे सगळं मला कळत होतं. कळून काय उपयोग. आईचा फोन आला. तिनं ताप किती, खाल्लं काय, असलं काही विचारलं नाही.

"पाह्यले कोणी येऊन राह्यलं का नाही?" तिनं विचारलं.

"येतात गं," मी म्हटलं. "दिवसभर कुणी ना कुणी असतंच."

"हां," आई म्हणाली. "मंग बरं हाये." तिच्या आवाजात अभिमान होता. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता सरिता परत मंचेरियलला बदलून गेली आहे. त्या बॅचच्या पोरी तिला अजून फोन करतात, हे मला ठाऊक आहे, कारण त्याच मला येऊन सांगतात. हिवाळा आला की मी आता मुलींना आधीच दवाखान्यात नेऊन फ्लूची लस घ्या म्हणते, साबण मागवते, टोकाची खोली झाडून ठेवते. वेचणीहून कुणी खोकत आलं की गुळाचा खडा देत नाही. हे सगळं त्या हंगामानं शिकवलं. असूया मात्र होती तिथंच आहे, आणि तिला लस निघालेली नाही.

बरी होऊन मी वर्गात गेले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. पोरी उभ्या राहिल्या. मी "बसा" म्हटलं. माझा चेहरा कडकच असावा, कारण मी मनाशी ठरवून आले होते, की आता शिकवायचं आणि घरी जायचं, कुणाच्या आयांची नावं पाठ करायची नाहीत. तास संपल्यावर सगळ्या बाहेर पडल्या. कविता थांबली. चेहरा अजून उतरलेलाच होता, पण डोळे चमकत होते. पाठांतर नीट झालेल्या पोरीचे असतात तसे.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या दारात एक पोरगी आली नाही."

"पाहिलं मी," मी म्हटलं.

"अक्काच्या वेळेस आमी चुकलो. तुमी रागावल्या होत्या, बराबर होतं तुमचं. म्हणून मी होस्टेलच्या फाटकात उभीच होती. कोणाले म्हणजे कोणाले जाऊ देल्लं नाही."

"म्हणजे? कोण जात होतं?"

"साऱ्याच निंगाल्या होत्या नं. तुमाले ताप आला आयकलं अन् मोसंब्या घेऊन निंगाल्या. काही जनी रडून राह्यल्या होत्या. मी म्हटलं, अजिबात नाही. मॅडमनं काय सांगतलं होतं? माया हाये त दारात जाऊ नका." ती दम घ्यायला थांबली. "मले बी लय वाटत होतं यावं म्हणून. पन नाही आली."

ती शाबासकीची वाट पाहत होती. मरणाच्या दारातून परत आलेली पोरगी, थंडीत फाटकात उभी राहून माझ्या वाट्याची सगळी जत्रा परतवून आली होती, आणि पहिला नंबर आल्यासारखी माझ्यापुढं उभी होती. तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं हे मला कळेना. मी टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवला.

"बरं केलंस," मी म्हटलं. "शाबास."

ती वळली. दारापर्यंत गेली.

"कविता," मी हाक मारली. "कोण कोण निघालं होतं गं?"

ती परत आली आणि एकेक नाव सांगू लागली. पुढच्या तासाच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या तरी मी तिला थांबवलं नाही. ती सांगत होती आणि मी प्रत्येक नाव सरिताच्या खिडकीपाशी पाहून ठेवलेल्या चेहऱ्यांशी ताडून बघत होते. माझी नावं जास्त भरली.